अंगठ्याला ठाऊक असलेली जागा

आयोवात बंदूक म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे शॉटगन येते, आणि त्याचं कारण इथल्या जमिनीत आहे. सगळा सपाट मुलूख. मैलोन्‌मैल मका आणि सोयाबीन, मधेच एखादं घर, कोठार, गुरांचा गोठा. रायफलची गोळी हुकली तर ती फार लांब जाते. शॉटगनचे छर्रे किंवा तिची जाड एकेरी गोळी, म्हणजे स्लग, त्या मानाने लवकर खाली येते. म्हणून इथला हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम आजही ‘शॉटगन सीझन’ म्हणून ओळखला जातो. २०१७पासून काही ठरावीक काडतुसांच्या रायफली त्यात चालतात, तरी शेतकऱ्यांच्या घरात दाराआड उभी असते ती शॉटगनच.

मी मूळची चंदगड तालुक्यातली. आमच्या आज्जांकडे शेतीरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. रानडुकरांचा कळप भुईमुगात शिरला किंवा गवे उसात उतरले की रात्री माळ्यावरून हवेत एक बार काढायचा, एवढंच तिचं काम. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झालेली होती आणि आज्जा तो कायदा मनापासून पाळत. निवडणूक जाहीर झाली की बंदूक गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची. बंदूक मला परकी नव्हती, पण ती पुरुषांनीच हाताळायची वस्तू होती. घरातल्या कुठल्याही बाईने तिला हात लावल्याचं मला आठवत नाही.

राहुरीहून कृषी पदवी घेऊन मी पुढच्या शिक्षणासाठी आयोवातल्या एम्स गावी आले आणि नंतर याच राज्यात शेतीसल्लागार झाले. शेताच्या कडेची, ओढ्याकाठची, पीक कमी देणारी जमीन नांगरू नका, तिथे गवत राहू द्या, हे पटवून देणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. १९८५च्या शेती कायद्याने आलेल्या सरकारी योजनेत अशी जमीन पडीक ठेवण्यासाठी शेतकऱ्याला दरवर्षी भाडं मिळतं. स्विचग्रास आणि बिग ब्लूस्टेम ही इथली मूळची उंच गवतं तिथे पुन्हा वाढतात, माती धरून ठेवतात आणि त्यांच्या आडोशाला फेझंट पक्षी येतो. हा पक्षी मूळचा आशियातला. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला सीडर फॉल्स गावात वादळाने एका पक्षीपालकाचे पिंजरे मोडले, सुमारे दोन हजार फेझंट मोकळे झाले आणि आयोवाच्या गवतात वाढत गेले, असा त्याचा इथला इतिहास सांगतात. १९२५ साली त्याच्या शिकारीचा पहिला हंगाम झाला.

ज्या शेतकऱ्यांना मी गवत राखायला सांगत होते, तेच ऑक्टोबरअखेर मला बोलवायला लागले. “तुझ्या सांगण्यावरून गवत ठेवलंय, आता त्यातले पक्षी बघायला तरी ये.” मी गेले आणि या शिकारीमागची व्यवस्था मला कळत गेली. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा वन्यजीवांसाठी राज्यांना मिळतो. दिवसाला तीनच नर मारायचे, मादीला हात लावायचा नाही. सकाळी आठच्या आधी आणि दुपारी साडेचारनंतर बार काढायचा नाही. अंगावर भगव्यासारखा झगझगीत नारिंगी कपडा घालायचा. ज्या जमिनीत हा पक्षी वाढतो ती राखण्याचं काम मी करतेच. तिच्यातून येणारं मांसही आपण स्वतः आणावं, असं मला वाटू लागलं.

बंदूक घ्यायचं दुसरं कारण घराचं होतं. आम्ही गावाबाहेर राहतो. रात्री ९११ला फोन लावला तरी शेरीफचा डेप्युटी काउंटीच्या दुसऱ्या टोकाला असू शकतो. शेजारच्या कोठारातून एकदा अवजारं चोरीला गेली. कोयोटी आमच्या कोंबड्यांवर डोळा ठेवून असतात. माझा नवरा कामानिमित्त बऱ्याचदा परगावी असतो आणि घरात मी, आमची शाळकरी मुलगी आणि कुत्रा एवढेच उरतो. म्हणून असं ठरलं की शिकार आणि घर या दोन्ही कामांना चालेल अशी एकच बंदूक घ्यायची, आणि ती आम्हा दोघांनाही वापरता आली पाहिजे.

इथे येणाऱ्या आपल्या लोकांना नियम नीट ठाऊक नसतात, म्हणून ते सांगते. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मुळात बंदी आहे. वैध शिकार परवाना हा तिला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक. ग्रीन कार्ड मिळालं की ती अडचण राहत नाही. आम्ही ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबलो. दुकानात ४४७३ क्रमांकाचा केंद्रीय फॉर्म भरावा लागतो. त्यात नागरिकत्व विचारतात, नागरिक नसलेल्याला आपला नोंदणी क्रमांक लिहावा लागतो, आणि मग दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडून पूर्वेतिहास तपासून घेतो. फॉर्मवर खोटं लिहिणं हा गंभीर गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासाठी आयोवात १ जानेवारी १९७२नंतर जन्मलेल्यांना सहसा सुरक्षा प्रशिक्षण घ्यावं लागतं. आम्ही तिघांनीही ते घेतलं.

त्या प्रशिक्षणातच दोन बंदुकांची नावं माझ्यासमोर आली. अमेरिकेत पंप-ॲक्शन शॉटगनचा विषय निघाला की बोलणं फिरून याच दोन नावांवर येतं: रेमिंग्टन ८७० आणि मॉसबर्ग ५००. पहिली १९५० साली आली, दुसरी साधारण दहा वर्षांनी. दोन्हींची विक्री एक कोटीच्या पलीकडे गेलेली आहे. रीत दोघींची एकच. पुढचा दस्ता मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलला की नवं चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, जातं. काम हाताच्या बळावर चालतं, म्हणून काडतूस हलकं असो की जड, ती अडत नाही.

रेमिंग्टनचं घराणं जुनं. एलिफलेट रेमिंग्टनने १८१६ साली पहिली नळी घडवली असं मानतात. १८२८पासून कारखाना न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावात होता. गाव आणि कारखाना जवळजवळ दोनशे वर्षं एकमेकांच्या आधाराने जगले. २०१८ आणि २०२० अशी दोनदा कंपनी दिवाळखोरीत गेली, तिचे भाग वेगवेगळ्या खरेदीदारांनी घेतले, आणि २०२४ साली इलियनचा कारखाना बंद होऊन काम जॉर्जियातल्या लाग्रेंजला गेलं. मॉसबर्ग हे ऑस्कर मॉसबर्ग या स्वीडनहून आलेल्या कारागिराने १९१९ साली कनेटिकटमध्ये मुलांना हाताशी घेऊन सुरू केलेलं दुकान. ते अजूनही त्याच कुटुंबाकडे आहे, मात्र ५०० आता टेक्सासमधल्या ईगल पासला तयार होते.

८७०ची पहिली ओळख मला शेजाऱ्यांनी करून दिली. त्यांच्याकडे वडिलांनी घेतलेली जुनी ८७० विंगमास्टर आहे. अक्रोडाचा दस्ता, खोल काळसर निळी झळाळी, आणि पंप इतका गुळगुळीत की तेल घातलेला कोयंडा सरकावा तसा सरकतो. तिचा रिसीव्हर, म्हणजे यंत्रणा बसवलेला मधला भाग, पोलादाच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेला असतो. ती हातात घेतल्यावर सत्तर वर्षं लोक हिच्याबद्दल इतक्या मायेने का बोलतात ते कळलं. ५०० मला प्रशिक्षकांनी दिली. तिचा रिसीव्हर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, म्हणून ती हाताला हलकी वाटते. तिचा पुढचा दस्ता जरा खुळखुळतो आणि देखणेपणात ती विंगमास्टरच्या जवळपासही जात नाही. किमतीला ती बहुधा थोडी कमी असते.

नवरा यंत्र अभियंता. त्याने पहिला आक्षेप ॲल्युमिनियमवर घेतला. बार होताना चेंबरमध्ये प्रचंड दाब तयार होतो, तो मऊ धातू कसा सोसणार? मग आम्ही दोन्ही बंदुका खोलून पाहिल्या. दोन्हींत बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा तुकडा, थेट नळीच्या पोलादी शेपटात जाऊन अडकतो. स्फोटाचा दाब पोलादाने पोलादावर घेतलेला असतो. रिसीव्हर केवळ सगळं एकत्र धरून ठेवतो. ही शंका तिथेच फिटली. वर्षानुवर्षं ओल्या गवतात, ट्रकच्या मागे आदळत फिरणाऱ्या बंदुकीला पोलादाचा टणकपणा उपयोगी पडतो आणि दिवसभर खांद्यावर वाहणाऱ्या माणसाला ॲल्युमिनियमचा हलकेपणा, इतकाच काय तो फरक राहिला.

आमच्यासाठी निर्णायक ठरली सेफ्टीची, म्हणजे बार रोखून धरणाऱ्या खटक्याची, जागा. ८७०ची सेफ्टी चापाच्या मागे आडवी बसवलेली असते. उजव्या हाताचा माणूस तर्जनीने ती उजवीकडून डावीकडे दाबतो आणि बंदूक बार काढायला मोकळी होते. त्याला ही जागा उत्तम. मी डावखुरी. माझं चापाचं बोट बंदुकीच्या डाव्या अंगाला येतं आणि ढकलायचं बटण उजव्या अंगाला राहतं. ते दाबायला हाताची पकड सोडावी तरी लागते, नाहीतर बोट चापाखालून पलीकडे न्यावं लागतं. डावखुऱ्यांसाठी उलट बसवलेली सेफ्टी मिळते, डावीकडे काडतूस टाकणारी ८७०सुद्धा रेमिंग्टनने बनवलेली आहे. पण मग तीच बंदूक नवऱ्याच्या उजव्या हाताला उलटी पडली असती.

५००ची सेफ्टी रिसीव्हरच्या पाठीवर, दस्त्याच्या अगदी पुढे असते. बंदूक खांद्याला लावली की अंगठा आपोआप तिच्यावर येतो. पुढे सरकवली की लाल ठिपका दिसतो, मागे ओढली की झाकला जातो. डावा अंगठा असो की उजवा, जागा तीच. पिस्तुलासारखी मूठ असलेला दस्ता लावला तर मात्र ही सोय जाते, कारण अंगठा तिथवर पोचत नाही. म्हणून ५०० घ्यायची तर साध्या, सरळ दस्त्याचीच, हे आम्ही लगेच ठरवलं. सगळं माप ५००च्या बाजूने पडलं असंही नाही. चेंबर रिकामं करताना बोल्ट सोडवायची कळ ८७०ला चापाच्या कड्याच्या पुढे डावीकडे असते, ५००ला मागे. डाव्या तर्जनीला पुढची जागा जास्त सोयीची पडते, आणि आजही मला ती तशी असती तर बरं वाटलं असतं.

काडतुसं भरण्यातला फरक थंडीत कळतो. ८७०मध्ये काडतूस उचलणारी पट्टी भरायच्या तोंडावर आडवी असते. ती अंगठ्याने वर दाबत काडतूस आत सरकवावं लागतं, आणि हातमोजा किंवा अंगठ्याची कातडी तिथे चिमटते. ५००ची पट्टी वर उचललेली राहते, तोंड मोकळं असतं. डिसेंबरात शून्याखालच्या वाऱ्यात बोटं बधिर झालेली असताना ही सोय लहान वाटत नाही. रिकामं काडतूस चेंबरबाहेर खेचणारे आकडेही ५००ला दोन असतात, ८७०ला एक. जुन्या विंगमास्टरचा तो एक आकडा पिढ्यान्‌पिढ्या चुकलेला नाही, हेही खरं.

मग प्रश्न आला बोअरचा. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या, की त्या गोळीच्या व्यासाची नळी ती बारा बोअर, सुमारे साडेअठरा मिलिमीटर. वीस केल्या तर वीस बोअर, साडेपंधरा मिलिमीटरच्या आसपास. इथले बहुतेक लोक बारा बोअरच घ्यायला सांगतात. मी उंचीने लहान, हात आखूड. पूर्ण मापाचा दस्ता खांद्याला लावला की मान पुढे ताणली जायची, गाल लाकडावर नीट टेकायचा नाही आणि बाराचा धक्का गालाच्या हाडावर यायचा. आखूड दस्त्याची वीस बोअर घेतल्यावर डोळा, नळी आणि लक्ष्य एका रेषेत आले. नवऱ्यासाठी दस्त्याच्या टोकाला जाड पट्टी जोडता येते. फेझंट सहसा ज्या अंतरावर उठतो त्याला विसाचं काडतूस पुरतं. खांदा दुखेल या भीतीने डोळे मिटणाऱ्या माणसाच्या हाती मोठी नळी देऊन काही साधत नाही.

वीस बोअर घेतल्यावर एक गोष्ट कायमची पाळावी लागते. विसाचं काडतूस चुकून बाराच्या बंदुकीत पडलं तर ते चेंबर ओलांडून नळीत पुढे जाऊन अडकतं. बंदूक रिकामी आहे असं समजून मागे बाराचं भरून बार काढला, तर नळी फुटते आणि हात जातो. म्हणूनच विसाची काडतुसं पिवळ्या रंगात बनवतात. शेजाऱ्यांबरोबर शिकारीला जाताना त्यांची बारा आणि आमची वीस शेजारी शेजारी असतात. त्यामुळे कुणाचीही काडतुसं कुणाच्या खिशात जाणार नाहीत, हा आमचा नियम आहे.

शिकारीचं असं जुळलं. घराच्या कामाचा विचार मात्र वेगळ्या टोकापासून करावा लागला. या दोन्ही बंदुकांची नळी काही मिनिटांत बदलता येते. शेतासाठी २६ किंवा २८ इंचांची, घरासाठी साडेअठरा इंचांची, असा जोड दुकानात मिळतो. अमेरिकी कायद्यात शॉटगनची नळी १८ इंचांहून आखूड ठेवायला वेगळी नोंदणी लागते. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यात रक्षणासाठी किंवा खेळासाठी परवाना मागताना नळी किमान २० इंचांची धरली आहे. दरवाजे आणि अरुंद बोळ यांतून वळताना आखूड नळी सोयीची, हे खरं. आम्ही ती घेतली नाही, आणि याचं कारण आमच्या भिंती.

चंदगडचं आमचं घर चिऱ्याचं. भिंत हातभर जाड. तिच्यापलीकडे काय आहे याचा विचार कुणाला करावा लागत नाही. अमेरिकेतलं घर लाकडी चौकटीवर जिप्समचे अर्ध्या इंचाचे फळे ठोकून उभं केलेलं असतं. जाड छर्रे, ज्याला इथे बकशॉट म्हणतात, असे फळे एकामागून एक भेदून जातात. आमच्या झोपायच्या खोलीच्या दारातून सरळ रेषा ओढली तर ती मुलीच्या खोलीच्या भिंतीवर जाते. हे पाहिल्यावर घराच्या रक्षणाची सगळी चर्चा मला नव्याने करावी लागली. शत्रू कसा थांबेल यापेक्षा बार कुठल्या दिशेला कधीच जाता कामा नये, हे आधी ठरवावं लागलं. त्यासाठी घराचा नकाशा काढला, मुलीची खोली बदलली, आमचा पलंग अशा जागी हलवला की तिथून दाराकडे रोखलेली नळी बाहेरच्या दगडी धुराड्याकडे वळलेली राहते.

दोन समजुती इथे घरोघरी ऐकू येतात. पहिली अशी की शॉटगनचा नेम धरावा लागत नाही, छर्रे पसरतात आणि काम होतं. आम्ही कागदावर बार काढून पाहिले. खोलीच्या लांबीएवढ्या अंतरावर छर्ऱ्यांचा पसारा तळहाताएवढा असतो. नेम धरावाच लागतो. दुसरी अशी की पंप ओढल्याचा आवाज ऐकूनच चोर पळतो. पळेलही. पण आवाजाच्या भरवशावर राहणं म्हणजे समोरच्याने आपल्या मनाप्रमाणे वागावं अशी अपेक्षा धरणं, शिवाय आपण कुठे उभे आहोत हेही त्याला कळतं. प्रशिक्षकांनी सांगितलेला क्रम आम्ही घेतला: आधी मजबूत दार, अंगणात उजेड, भुंकणारा कुत्रा. मग घरातले सगळे एका खोलीत, दार बंद, ९११ला फोन आणि मोठ्याने इशारा. घरभर अंधारात शोधत फिरायचं नाही. बंदूक या सगळ्याच्या शेवटी. वस्तू नेणाऱ्याला नेऊ द्यायच्या. आमच्या बंद दारातून कुणी आत आलाच तर आणि तरच तिचा विचार.

ती ठेवायची कुठे, यावर आमच्यात सर्वांत जास्त बोलणं झालं. नवऱ्याचं म्हणणं असं की कुलूप उघडायला वेळ लागणार असेल तर ती असून नसल्यासारखी. माझं म्हणणं असं की घरात वाढत्या वयाची मुलगी आहे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. पौगंडावस्थेतलं मन एखाद्या रात्री कुठल्या थराला जाईल हे आईबापालाही आधी कळत नाही, आणि तेवढ्या वेळात बंदूक हाताशी नसणं हेच कित्येकदा प्राण वाचवतं. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “बंदूक घ्यायची तर घे पोरी, पण कुलूप आधी घे.” सासूबाई मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, “अगं, कशाला गं ती घरात?” त्यांचा प्रश्न मी उडवून लावला नाही. त्याचं उत्तर देता येईल असाच बंदोबस्त करायचा, असं ठरवलं.

बाबांच्या सांगण्याप्रमाणे पोलादी पेटी आधी आली आणि जमिनीला बोल्टने जखडली. बंदूक तीत रिकामी असते, काडतुसं वेगळ्या कुलपात. दोन्ही कुलपं बोटाच्या ठशाने उघडतात आणि तो ठसा आम्हा दोघांचाच आहे. घरात कुणी फार खचलेलं असेल, मग ते आम्ही मोठे का असेना, तर बंदूक घराबाहेर शेजाऱ्यांकडे ठेवायची, हेही बोलून ठरवलेलं आहे. उघडायला जाणारे काही क्षण आम्ही दाराच्या जाडीतून आणि कुत्र्याच्या कानांतून मिळवतो. नवऱ्याला हे पटायला वेळ लागला. मुलीच्या समोर बसून बोललो तेव्हा पटलं.

एवढं सगळं झाल्यावर आम्ही ५०० घेतली. वीस बोअर, आखूड दस्ता, शेतातली एकच लांब नळी. नळी बदलायची नाही असं ठरवल्यामुळे वजन, तोल आणि अंगठ्याची जागा बारा महिने तीच राहते. त्यानंतर मातीच्या उडत्या थाळ्यांवर सराव सुरू झाला आणि शरद ऋतूत शिकार.

फेझंटच्या शिकारीत माणूस गवतातून सावकाश चालतो. पायाजवळून पक्षी फडफडाट करत सरळ वर उठतो आणि त्या आवाजाने छातीत धडकी भरते. त्या क्षणी पहिलं काम ओळखण्याचं. मानेवर पांढरं कडं, लाल गाल, लांब शेपूट दिसलं तर तो नर. करडी-तपकिरी असेल तर मादी, तिला जाऊ द्यायचं. सूर्य समोर असेल आणि ओळख पटली नाही तर काहीच करायचं नाही. मग मागे कोण आहे, कुत्रा कुठे आहे, घर किती लांब आहे हे पाहायचं. एवढं झाल्यावर बंदूक खांद्याला, मग अंगठा पुढे, आणि सगळ्यात शेवटी बोट चापावर. हा क्रम इतक्या वेळा घडला की आता तो शिकवावा लागत नाही. कित्येकदा अंगठा जागच्या जागी राहतो, मादी उडून जाते आणि मी पुढे चालू लागते. नर मिळाला की त्या रात्री कांदा-लसूण मसाल्यातला रस्सा होतो आणि जेवताना सगळे जपून चावतात, एखादा छर्रा राहिला असेल म्हणून.

मध्यरात्री बोळात सावली दिसली तरी हाच क्रम लागणार आहे. ती सावली पाणी प्यायला उठलेल्या मुलीची असू शकते, प्रवासातून लवकर परतलेल्या नवऱ्याची असू शकते. आधी उजेड, आधी हाक, आधी ओळख. मादी उठली की अंगठा थांबतो, तो या गवतात थांबायला शिकला म्हणून रात्रीही थांबेल, असा विश्वास मला आहे. घरासाठी म्हणून वेगळी बंदूक घेऊन कपाटात ठेवणाऱ्याला हा सराव कुठून मिळणार? दोन कामांना एकच बंदूक असावी हे माझं मत खर्चावरून बनलेलं नाही. भीतीने हात थरथरत असताना माणूस नवं काही आठवू शकत नाही, हाताला आधीपासून ठाऊक असेल तेवढंच तो करतो.

महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणी आता मला विचारतात, कुठली घेऊ? दोन्ही बंदुका चांगल्या आहेत आणि उजव्या हाताच्या, पुऱ्या उंचीच्या माणसाला मी ८७०पासून परावृत्त करणार नाही. मी त्यांना म्हणते, आधी प्रशिक्षण घ्या, पेटी घ्या, घराच्या भिंती मोजा. मग दुकानात दोन्ही रिकाम्या बंदुका मागा, दुकानदाराकडून चेंबर उघडून दाखवून घ्या, नळी सुरक्षित दिशेला धरा आणि डोळे मिटून खांद्याला लावा. सेफ्टी जिची शोधावी लागली नाही, ती तुमची. आणि तिच्यासाठी दर महिन्याला थोडा वेळ सरावाला देणं जमणार नसेल, घरात कुलपाबद्दल एकमत होत नसेल, तर तो पैसा चांगल्या दारावर आणि अंगणातल्या दिव्यावर खर्च करा. हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही.